उभ्या गाडीचा घसारा

मिरजेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आता कुणी बॉनेट उघडत नव्हतं. टायरला लाथ मारून बघणारी, धुराचा रंग बघायला मागं उभी राहणारी, दार आपटून आवाज ऐकणारी माणसं संपली होती. गिऱ्हाईक यायचं, पुढच्या काचेवरच्या चौकोनी ठशावर फोन धरायचं आणि पहिला प्रश्न विचारायचं, "पत्रिका कशी आहे?"

कागदोपत्री तिचं नाव 'विजेरी जीवनपट' असं होतं. पण ते सरकारी पत्रात आणि उद्घाटनाच्या भाषणात. बॅटरी कारखान्यातून बाहेर पडली तो तिचा जन्म. पुढं ती किती वेळा भरली, किती तापली, कुठल्या रस्त्यानं धावली, कुणाच्या दारात उभी राहिली, ही सगळी नोंद 'अक्षयमान' नावाच्या कंपनीकडं जमा व्हायची आणि त्यातून दोन आकडे निघायचे. एक, बॅटरीत उरलेला जीव, टक्क्यांत. दुसरा, गाडीचं आजचं मोल. हा दुसरा आकडा रोज सकाळी बदलायचा आणि कधी म्हणजे कधी वर जायचा नाही. पूर्वी वर्षाच्या शेवटी कागदावर दिसणारा घसारा आता रोज चहाच्या वेळी डोळ्यांना दिसत होता. लोकांनी मग आपली भाषा केली. घाईच्या चार्जरवर फार वेळा भरलेल्या गाडीला मंगळ. वारंवार पार रिकामी झालेलीला साडेसाती. आणि गाडी जुळवून देणारा दलाल म्हणजे गुरुजी, मग तो कुठल्या का जातीचा असेना.

"मंगळ आहे अक्का," नेमगोंडा पाटील म्हणाला. बाजारातला हा सगळ्यात जुना गुरुजी, सगळे त्याला नेमूअण्णा म्हणायचे. "पहिला मालक पुण्याचा. रोज आफिसातनं येता येता घाईच्या चार्जरवर लावायचा. एकाहत्तर टक्के उरलीय. तुम्हाला दाखवायलाच नको होती."

समोर आठ वर्षांची पांढरी गाडी उभी होती. वैजयंता लोखंडे तिच्याभोवती फिरत होती. एक्केचाळीस वर्षांची बाई, अंगावर खाकी शर्ट, खिशात टेस्टर. आयटीआयला वायरमन झालेली, पुढं सांगलीत ई-रिक्षाच्या वर्कशॉपात नऊ वर्षं बॅटऱ्या उघडून बसलेली. करेवाडीत तिला वैजाक्का म्हणत.

"नवी घ्या," नेमूअण्णा म्हणाला.

"नवीचे तेरा लाख. शोरूमच्या दारातनं बाहेर काढली की बारा. वर्षानं साडेनऊ. म्हंजे मी महिन्याला तीस हजार रुपये नुसते उन्हात वाळत घालायचे. त्यात माझं काय वाळणार अण्णा?"

"आणि ही दोन लाख दहा हजार. स्वस्त दिसती. पण आकडा सत्तरच्या खाली गेला की प्रवासी परवाना गेला. विमा गेला. घाईचा चार्जर हात लावू देत नाही. नवी बॅटरी टाकायची तर साडेचार लाख. चार महिन्यांची पाहुणी आहे ही. मग भंगारवाला."

"मोजलंय कुणी?"

"काय?"

"बॅटरी. रिकामी करून, भरून, मोजलीय का कुणी?"

नेमूअण्णानं कपाळाला हात लावला. "आता कोण मोजतंय अक्का? पत्रिकेत लिहिलंय की सगळं."

हे वाक्य वैजाक्कानं आधी ऐकलं होतं. चोविसाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, पोह्यांची बशी हातात धरून. मुलाकडचे गुरुजी म्हणाले होते, पत्रिकेत लिहिलंय की सगळं, मंगळ कडक आहे. तिसऱ्या स्थळानंतर तिनं ती पत्रिका चुलीत घातली होती आणि त्याच महिन्यात आयटीआयचा फॉर्म भरला होता. त्या दिवसापासून मंगळ हा शब्द ऐकला की ती हटून बसायची, मग समोर माणूस असो नाहीतर मोटार.

"घेते," ती म्हणाली.

"अहो अक्का, ऐका..."

"घेते म्हटलं न्हवं? नाव चढवा."

गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. करेवाडीतली दोन माणसं मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला डायलिसिसला जायची. एक सिद्राम मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, गणितात पक्के आणि जिभेनं तिखट. दुसरी काशव्वा, रानात राबून वाळलेली, साठीची. ऐंशी किलोमीटर जायचं, चार तास यंत्राला जोडून पडायचं, ऐंशी किलोमीटर परत. एसटी बंद होऊन सहा वर्षं झाली होती. वैजाक्काची आधीची जुनी व्हॅन गेल्या महिन्यात कायमची बसली होती. तेव्हापासून मिळेल त्या गाडीनं, उशिरा का होईना, दोघं पोचत होते. एक खेप चुकली की मास्तरांचे पाय सुजायचे आणि श्वास लागायचा. दोन चुकल्या तर काय होतं, ते कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

गाडी करेवाडीत आली. काशव्वानं चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. शनिवार आणि रविवार गाडी लिंबाच्या झाडाखाली नुसती उभी होती. एक चाक हललं नव्हतं. सोमवारी सकाळी वैजाक्कानं फोन धरला आणि तिच्या भुवया चढल्या.

सत्तर पूर्णांक चार.

"हलली न्हाई तर झिजली कशी गं?" काशव्वानं विचारलं.

"ह्याला घसारा म्हणतात काशव्वा," मास्तर खुर्चीतून म्हणाले. "वस्तू जुनी होते, तशी किंमत उतरते."

"घसारा मला शिकवू नगा मास्तर. डोंगराच्या वाटंवर हाय की घसारा. बारीक दगडांचा. त्येच्यावर उभं ऱ्हायलं की माणूस खाली सरकतंय. शेळ्या राखून माझं पाय झिजलं त्यात. चालत ऱ्हायलं तरच वर जातंय."

मास्तर काहीतरी तिखट बोलणार होते, पण थांबले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पण डोंगरावर दगड असतात. इथं काय आहे? वैजा, नाव कधी चढलं?"

"शनिवारी."

"आणि आकडा उतरला त्याच्यानंतर. गाडी तीच, बॅटरी तीच. बदललं काय? मालकाचं नाव आणि गावाचा पिनकोड."

टायरखालचं लिंबू वैजाक्कानं बोटानं जरा आत सरकवलं.

मंगळवारी पहिली खेप झाली. डायलिसिसच्या केंद्रात आता भिंतीवर पडदा लावला होता. कुणाला कुठली खुर्ची, कधी, हे त्यावर यायचं. प्रत्येक नावापुढं एक आकडा. मास्तरांपुढं चौऱ्याहत्तर, काशव्वापुढं ऐंशी.

"हे काय नवीन?" वैजाक्कानं सिस्टरला विचारलं.

"अनुमान-अंक आहे. उपचारांना शरीर किती दिवस साथ देईल त्याचा. सध्या नुसता माहितीसाठी."

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'अक्षयमान' लिहिलेलं होतं. पण ते तेव्हा वैजाक्काच्या डोळ्यांत भरलं नाही. तिला चार्जरची रांग धरायची होती. पत्रिकेप्रमाणं या गाडीत एकवीस युनिट मावत होते आणि एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरले तरी एकशे साठ किलोमीटरची फेरी त्यात बसत नव्हती.

चार्जरवर चौदा गाड्या पुढं होत्या. तासभरानं दोन उरल्या. मग मागून एक नवी कोरी गाडी आली आणि चार्जरच्या पडद्यानं तिलाच आधी बोलावलं. मग आणखी एक. वैजाक्का तिथल्या माणसाच्या अंगावर गेली.

"माझा नंबर कुठं गेला?"

"पत्रिका बघून नंबर लागतो ताई. सत्तरच्या आसपासच्या गाड्या शेवटी. त्यांना फार वीज देऊन उपयोग नाही म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"यंत्रणा."

"तिला म्हणावं, समोर येऊन बोल."

यंत्रणा काही समोर आली नाही. चार तास संपले, मास्तर आणि काशव्वा बाहेर आले, पिळून काढलेल्या कपड्यासारखे. त्यांना त्या उन्हात बसवून ठेवणं शक्य नव्हतं. वाटेवरच्या कवठ्यात ओळखीच्या दुकानात तासभर गाडी लावू, असं ठरवून ती निघाली. कवठ्यात पोचली तर लाईन गेलेली.

करेवाडी तेवीस किलोमीटर राहिली आणि समोरच्या काचेवरचा आकडा शून्यावर आला. लाल दिवा लागला. काशव्वानं पदर डोक्यावर घेतला आणि कानडीतून देवाला काहीतरी बजावायला सुरुवात केली. वैजाक्कानं वेग चाळिसावर आणला आणि कान गाडीकडं दिला. बॅटरी खरंच संपत आली की गाडी सांगते. ओढ कमी होते, चढाला दमते. ही दमत नव्हती. शून्य दाखवत होती आणि चढावर पोरीसारखी पळत होती.

तेवीस किलोमीटर. लिंबाच्या झाडाखाली येऊन थांबली तरी जिवंत.

"एकशे साठ भागिले साडेसहा," मास्तर मागून म्हणाले. आवाज थकलेला, पण डोळे चमकत होते. "साडेचोवीस युनिट. तेवढे तर वापरलेच, आणि अजून शिल्लक आहेत. एकवीसच्या हंड्यातून साडेचोवीस पाणी निघालं. वैजा, हंडा मोठा आहे. पत्रिका खोटी आहे."

बुधवारी सकाळी पत्रिकेत नवीन ओळ होती. 'वाहन पूर्ण रिकामे होईपर्यंत वापरले. साडेसात टक्के जोखीमवाढ. शिल्लक क्षमता ६९.८. प्रवासी परवाना निलंबित.'

गाडी शून्याच्या पुढं तेवीस किलोमीटर चालली, हा गाडीचा पराक्रम. पत्रिकेनं तो गुन्हा म्हणून लिहिला.

सांगलीच्या परिवहन कार्यालयात थंडगार हवा होती आणि टेबलामागं ऋता चौगुले नावाची तरुण निरीक्षक बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. हे एक तिचं चांगलं होतं.

"मॅडम, बॅटरी खरी मोजायची तर ती पूर्ण भरून पूर्ण रिकामी करावी लागते. आठ-नऊ तास जातात. लाखो गाड्या रोज कशा मोजणार? म्हणून यंत्रणा अनुमान काढते. तशाच वापरलेल्या, तशाच भागातल्या गाड्यांचं पुढं काय झालं, त्यावरून."

"म्हंजे माझी गाडी मोजली न्हाई."

"अनुमान ..."

"मोजली का?"

"नाही."

"मग त्याला मोल कशाला म्हणता? भविष्य म्हणा. आणि नाव बदलल्यावर आकडा का उतरला?"

ऋतानं पडदा बघितला. "तुमच्या भागातल्या गाड्यांचं भरण फार वेळा अर्धवट तुटतं. दिवसातून पाच-सहा वेळा. यंत्रणा त्याला हेळसांड धरते. त्यामुळं तिथं गेलेल्या प्रत्येक गाडीला..."

"अहो बाई, ती हेळसांड न्हाई! लाईन जाते!" वैजाक्काचा आवाज चढला. शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. "तुमच्या ह्या हापिसात दिवा कधी जातो का? आमच्याकडं वीज सरकारच्या मर्जीनं येते. आणि नऊ वर्षं बॅटऱ्या उघडल्यात मी. हळूहळू, थांबत थांबत भरलेली बॅटरी तापत न्हाई. जास्त टिकते. करेवाडीत गाडी म्हातारी होत न्हाई, करेवाडीत आली म्हणून तुम्ही तिला म्हातारी करता!"

"पण आमचं अनुमान शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खरं ठरतं."

"ठरणारच!" तिनं टेबलावर हात आपटला. "तुम्ही सांगता, ही मरणार. मग परवाना काढता. विमा काढता. चार्जरवर शेवटी उभी करता. ती भंगारात जाते. आणि तुम्ही म्हणता, बघा, आम्ही म्हटलंच होतं! मला मंगळ सांगितला होता. लग्न होणार न्हाई म्हणाले. मंगळ ऐकून कुणी केलंच न्हाई. मग तेच गुरुजी गावभर सांगत फिरले, बघा, पत्रिकेत होतंच. माझा मंगळ कुणी मोजला होता का हो?"

त्या टेबलावर रोज माणसं रडायची, हात जोडायची, ओळखी सांगायची. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

वैजाक्कानं मास्तरांनी लिहून दिलेला कागद काढला. "नियम चौदा. मालकानं मागणी केली तर ज्ञात भारावर, सीलबंद मोजयंत्रासह, निरीक्षकासमक्ष प्रत्यक्ष मोजणी. हाय का न्हाई?"

"आहे. पण त्याची प्रयोगशाळा पुण्यात आहे. तारीख पाच महिन्यांनंतरची मिळेल."

"नियमात प्रयोगशाळा हा शब्द दाखवा."

ऋतानं नियम उघडला. दोनदा वाचला. तो शब्द नव्हता. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत लिहिलेला नियम. पुढं कुणी वापरलाच नाही म्हणून कुणी बिघडवलाही नाही.

"सीलबंद मोजयंत्र हाय, माझ्या गावात. ज्ञात भार बी हाय. रविवारी सकाळी सात वाजता या. हा अर्ज. पोच द्या."

"मॅडम, मला आधी वरिष्ठांना विचारावं..."

"विचारा. पण आधी पोच द्या."

पोचेवर शिक्का बसला.

मधल्या शुक्रवारी परवाना नव्हता. तरी वैजाक्कानं दोघांना गाडीत बसवलं. नाक्यावर शिपायानं अडवलं. "परवाना निलंबित दिसतोय. हे प्रवासी कोण?"

"प्रवासी न्हाईत. हे माझे मामा, ही आत्या. भाडं घेत न्हाई."

शिपायानं मास्तरांचं कपाळभर भस्म बघितलं, काशव्वाचं कानडी पुटपुटणं ऐकलं आणि वैजाक्काच्या नावाकडं पुन्हा बघितलं. "मामा-आत्या? एकाच घरातले?"

"लग्न करून दिलंय एकमेकांशी," काशव्वा आतून ओरडली. "आता सोड बाबा, माझं रगत साफ करायचं हाय!"

मास्तर मिरजेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

ज्ञात भार म्हणजे मैनुद्दीन मुल्लाची पिठाची गिरणी. मैनूभाई तीस वर्षं दळत होता. एका युनिटला किती ज्वारी निघते, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. बारा किलो. गिरणीचं मीटर वीज मंडळाच्या सीलचं. आणि या गाडीला बाहेर वीज देणारा एक सॉकेट होता, जो पुण्याच्या मालकानं सहलीला जाऊन दिवे लावायला वापरला असेल. वैजाक्कानं शनिवारी गिरणीची वायर त्याला जोडून बघितली होती. तासाला तीन युनिट. सॉकेटला झेपत होतं.

रविवारी ऋता आली. वरिष्ठ काय म्हणाले, ते तिनं सांगितलं नाही. तिच्याबरोबर नेमूअण्णाही आला होता, पदरचं पेट्रोल जाळून, जुन्या फटफटीवर. "माझ्या बाजारातली गाडी," तो म्हणाला. "मरताना बघायला तरी यायला हवं."

"किती पोती धरलीत अण्णा?" मैनूभाईनं विचारलं.

"पत्रिकेप्रमाणं?"

"पत्रिकेप्रमाणं," मास्तर म्हणाले, "नवी असताना तीस युनिट. त्याचे एकोणसत्तर पूर्णांक आठ टक्के म्हणजे एकवीसला थोडे कमी. गुणिले बारा. अडीचशे किलो. पाच पोती. पाचव्या पोत्याला गाडी मेली पाहिजे. दुपारी दोनच्या सुमाराला."

ऋतानं गाडी शंभर टक्के भरलेली बघितली, मीटरचं सील तपासलं, आकडा लिहिला, सही केली. सात वाजता वैजाक्कानं बटण दाबलं. लाईन नव्हती. सगळं गाव मुकं होतं आणि एका गाडीच्या जोरावर गिरणी घरघरायला लागली.

आधी बायका दळण घेऊन आल्या, कारण लाईन नसताना गिरणी चालू, हे त्यांना पुरेसं होतं. मग पुरुष आले. मग शेजारच्या गावांतून गाड्या यायला लागल्या. अडुसष्ट टक्के, पासष्ट टक्के, बासष्ट. सगळ्या मंगळाच्या, सगळ्या साडेसातीच्या, सगळ्या करेवाडी परिसराच्या. मालक उतरायचे आणि भिंतीला टेकून उभे राहायचे.

एक पोतं. दोन. अकरा वाजून गेले. तीन. ऋताच्या केसांवर पीठ बसलं. काशव्वानं तिला भाकरी आणि ठेचा दिला आणि ती खाता खाता मीटर बघत राहिली. चार पोती.

पावणेदोनला पाचवं पोतं तळाला आलं आणि गाडीच्या काचेवर शून्य आलं. लाल दिवा. मैनूभाईनं हात न थांबवता ज्वारी ओतणं चालू ठेवलं. नेमूअण्णानं डोळे मिटून घेतले. वैजाक्का गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवी बसली होती, तळहात बॉनेटवर ठेवून.

दोन वाजले. पाचवं पोतं रिकामं झालं.

गिरणी चालू होती.

"सहावं आणा!" मैनूभाई ओरडला आणि जो कल्ला झाला, त्यात गिरणीचा आवाज बुडाला. कुणीतरी पोतं पाठीवर घेऊन अक्षरशः पळत आलं. ऋता उठून उभी राहिली. तीन वाजता ती घाम पुसत मीटरजवळ होती. तीन वीसला सहावं पोतं संपलं. सातव्यात वीस किलो गेले आणि मग पट्टा सैल पडला, दगड मंदावला, थांबला. चारला सहा मिनिटं कमी होती.

"सव्वीस पूर्णांक सात युनिट," ऋता म्हणाली. तिनं पुन्हा बघितलं. "एकोणनव्वद टक्के."

नेमूअण्णा गाडीजवळ आला. बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं ते त्यानं केलं. बॉनेट उघडलं आणि आत बघत उभा राहिला.

"बारा वर्षांत," तो शेवटी म्हणाला, "मी चारशे गाड्या भंगारला दिल्या, अक्का. पत्रिका बघून."

भिंतीला टेकून उभे असलेले मालक आता भिंत सोडून पुढं आले होते आणि ऋताभोवती गोळा झाले होते. प्रत्येकाच्या हातात अर्ज होता. मास्तरांनी शनिवारी दिवसभर बसून लिहिलेले. सगळे म्हणत होते, "पोच द्या."

सोमवारी सकाळी पत्रिकेत एकोणनव्वद आलं. परवाना परत आला. आकडा वर गेलेली ती जिल्ह्यातली पहिली गाडी.

मंगळवारी सकाळी उभ्या गाडीचा आकडा अठ्ठ्याऐंशी पूर्णांक सहा झाला होता.

वैजाक्कानं तो बघितला, एक शिवी घातली आणि मास्तरांना हाक मारली. गिरणीसमोर मोजणीसाठी अकरा गाड्या रांगेत होत्या. मास्तर त्यांच्यामधून काठी टेकत आले, पण गाडीत बसले नाहीत. फोन पुढं केला.

'आपला सुधारित अनुमान-अंक ६९.६. आजपासून खुर्चीवाटप अंकानुसार. आपले नाव प्रतीक्षा यादीत आहे. कृपया केंद्रावर येऊ नये.' खाली कारणं दिली होती. उपचारास वारंवार उशिरा पोचणे. अंतर. पिनकोड. आणि त्याच्याही खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, तेच नाव.

काशव्वाला वाचता येत नव्हतं. तिनं दोघांचे चेहरे वाचले. "मास्तरला बी मंगळ?"

"आकडा आहे," मास्तर म्हणाले. आवाज अगदी साधा होता, फळ्यावर उदाहरण सांगावं तसा. "वैजा, तू काशव्वाला घेऊन जा. तिची खुर्ची जायला नको. गाडी मोजायला ज्वारी होती. मला कुठल्या गिरणीला जोडणार?"

वैजाक्कानं मागचं दार उघडलं. त्यांची काठी घेतली आणि आत टाकली.

"बसा."

"येऊ नये म्हणून लिहिलंय."

"बसा म्हटलं न्हवं? उभं ऱ्हायलं की सरकतंय. काशव्वा काय म्हणाली, विसरलात?"

मास्तर बसले. त्यांचे पाय सुजलेले होते, चपलेत मावत नव्हते. वैजाक्कानं गाडी वळवली आणि गिरणीसमोर थांबवली. काच खाली करून रांगेतल्या माणसांना तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं. पाचवं सांगावं लागलं नाही. पहिल्या गाडीचा मालक आपल्या गाडीत बसला. मग दुसरा. मैनूभाईनं गिरणीला कुलूप लावलं.

कवठ्याच्या चढावर मास्तरांनी मागं वळून बघितलं. बासष्ट टक्के, पासष्ट, अडुसष्ट. अकराच्या अकरा मागं होत्या, एकीमागं एक, आणि एकही दमत नव्हती.

"एवढ्या गाड्या घेऊन तिथं जाऊन तू काय करणार?"

"विचारणार."

"काय विचारणार?"

वैजाक्कानं आरशात त्यांच्याकडं बघितलं.

"मोजलंत, का नुसतं सांगितलंत?"